ग्रेट सॉल्ट लेक का आटतंय, आणि ते परत भरता येईल का?

२०३४ चं हिवाळी ऑलिंपिक अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत होणार, हे २०२४ च्या जुलैमध्ये ठरलं. युटा राज्यात जल्लोष झाला आणि त्यामागोमाग एक अवघड प्रश्नही आला. ज्या सरोवरावरून या शहराला नाव मिळालं, ते सरोवर तोवर जागेवर असेल ना?

प्रश्न उगाच नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पातळी मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला गेली होती. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या पुढाकाराने काही शास्त्रज्ञांनी अहवाल काढला: अलीकडच्या वेगाने पाणी घटत राहिलं तर पाच वर्षांत सरोवर नावापुरतंही उरणार नाही. जगभर मथळे झाले. नेमक्या त्याच हिवाळ्यात युटात विक्रमी बर्फ पडलं, सरोवर पाचेक फूट वर आलं आणि 'वाचलं एकदाचं' म्हणून बातम्या थंडावल्या. २०२५ मध्ये ते पुन्हा नीचांकाच्या जवळ येऊन पोचलं.

सामान्य वाचकाचा इथे गोंधळ होतो. सरोवर मरतंय की वाचतंय? दुष्काळाने आटतंय की माणसाने उपसल्यामुळे? आणि खाऱ्या पाण्याचं डबकं आटलं तर कुणाचं बिघडतं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या सरोवराचं दुखणं पावसापेक्षा पाणीवाटपाच्या रांगेत जास्त आहे, आणि ती रांग मराठी वाचकाला चांगलीच ओळखीची आहे.

बाहेर जायला वाटच नाही

बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या डोंगरातल्या बर्फाचं पाणी घेऊन या सरोवरात येतात. इथून पुढे मात्र एकही नदी निघत नाही. पाणी बाहेर जाण्याचा एकच मार्ग, बाष्पीभवन. अशा सरोवराला आपण या लेखापुरतं 'बंद सरोवर' म्हणू.

नदीचं पाणी गोडं दिसलं तरी त्यात खडकांतून विरघळलेले क्षार थोडेफार असतातच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उरण-पेणच्या मिठागरांत माणूस मुद्दाम जे करतो, ते इथे निसर्ग हजारो वर्षं करत आलाय. हिमयुगात याच जागी बॉनव्हिल नावाचं अवाढव्य सरोवर होतं. त्याचं आटत आटत उरलेलं रूप म्हणजे आजचं ग्रेट सॉल्ट लेक.

आपलं लोणारही बंद सरोवरच आहे, फक्त उल्केने पाडलेल्या खड्ड्यातलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आगरकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव सापडले होते. तशाच जातीच्या सूक्ष्मजीवांमुळे ग्रेट सॉल्ट लेकचा उत्तरेकडचा भाग विमानातून गुलाबी दिसतो. लोणारची अडचण मात्र सध्या उलटी आहे. तिथे पाणी वाढून कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आलंय. बंद सरोवराचं असंच असतं. येणारं पाणी आणि उडणारं पाणी यांचा मेळ जिथे बसेल तिथे त्याची पातळी थांबते, आणि आवक बदलली की तीही हलते.

ग्रेट सॉल्ट लेक पसरट आहे, खोल नाही. सरासरी खोली चार-पाच मीटर. त्यामुळे पातळी एका फुटाने उतरली तरी काठ मैलोन्‌मैल मागे सरतो. एरवी त्याचं क्षेत्रफळ ४,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोवा राज्याहून जास्त. १९८७ च्या महापुराच्या काळात ते ८,५०० पर्यंत फुगलं होतं, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही मोठं. २०२२ मध्ये ते २,३०० वर आलं. मरिनातल्या शिडाच्या बोटी क्रेनने उचलून बाहेर काढाव्या लागल्या, कारण त्यांच्याखाली पाणीच उरलं नव्हतं.

तिथली सगळी चर्चा समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत चालते, म्हणून तीन आकडे लक्षात ठेवा. २०२२ चा नीचांक सुमारे ४,१८८ फूट. १९८६-८७ चा उच्चांक जवळजवळ ४,२१२ फूट. आणि सरोवर निरोगी राहायला किमान ४,१९८ फूट.

दुष्काळच आहे ना? चांगला पाऊस झाला की भरेल

दुष्काळ खराच आहे. २००० सालापासून अमेरिकेचा पश्चिम भाग कोरडा पडलाय आणि तापमानवाढीमुळे बाष्पीभवनही वाढलंय. पण दुष्काळ काही या सरोवराला नवा नाही. खरा प्रश्न असा, की माणसाने नद्यांतून पाणी उचललंच नसतं तर पातळी कुठे असती?

हा हिशेब युटा स्टेट विद्यापीठाचे वेन वुर्ट्सबॉ आणि सहकाऱ्यांनी मांडला आणि २०१७ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात छापला. गोरे वसाहतवाले खोऱ्यात आल्यापासूनच्या सुमारे १७० वर्षांत माणसाच्या वापरामुळे सरोवर ११ फूट खाली गेलं होतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी गेलं होतं. पाऊस वर्षागणिक कमीजास्त झाला, पण नद्यांच्या मूळ प्रवाहात एवढी घसरण समजावून सांगेल असा दीर्घकाळचा कल दिसला नाही. म्हणजे वापर नसता, तर दुष्काळातही सरोवर बऱ्यापैकी भरलेलं असतं.

गंमत म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी याच राज्याला सरोवर जास्त भरल्याची चिंता होती. १९८३ च्या वसंतात बर्फ भराभर वितळलं आणि सॉल्ट लेक सिटीच्या स्टेट स्ट्रीट या हमरस्त्यावरून नदी वाहिली. दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचून रस्त्याचाच कालवा केला होता. पुढे सरोवर रेल्वे आणि महामार्ग गिळायला लागलं, तेव्हा राज्याने सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून राक्षसी पंप बसवले आणि १९८७ पासून सरोवराचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकलं. दोन वर्षांत दुष्काळ आला आणि पंप बंद पडले. पाऊसपाणी वर-खाली होतच राहणार. वापर मात्र एकाच दिशेने वाढला, आणि त्यामुळे चांगल्या वर्षाची कमाई दोन साध्या वर्षांत संपते. २०२३ नंतर हेच झालं.

पाणी जातं कुठे?

माणूस जे पाणी वापरून संपवतो, त्यातलं जवळजवळ तीन-चतुर्थांश शेतीत जातं. त्यातही मुख्यतः चाऱ्याला. अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडचा लसूणघास किंवा मेथीघास, हे तिथलं लाडकं पीक. वर्षातून तीन-चार कापण्या, बाजार हमखास, जनावरांना उत्तम खाद्य, आणि पाणी मात्र भरपूर. मराठी वाचकाला इथे ऊस आठवणं साहजिक आहे. राजकारणही त्याच चवीचं आहे. राज्यपाल स्पेन्सर कॉक्स यांच्या कुटुंबाची स्वतःची अल्फाल्फाची शेती आहे. उरलेल्या पाण्यात शहरांचा वाटा, त्यातही घरापुढच्या हिरवळीचा मोठा, आणि काठावरच्या खनिज कंपन्यांचा, ज्या सरोवराचंच पाणी तळ्यांत पसरून त्यातून मॅग्नेशियम, पोटॅश आणि मीठ काढतात.

पण 'कोण किती पितो' यापेक्षा 'आधी कोण पितो' हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे पाण्याचा कायदा एका तत्त्वावर उभा आहे: ज्याने आधी पाणी उचलायला सुरुवात केली त्याचा हक्क पहिला. १८६० सालच्या हक्काला १९२० सालच्या हक्कापेक्षा आधी पाणी मिळतं, मग नदीत कितीही कमी असो. शिवाय हक्क वापरला नाही तर जातो. युटात सलग सात वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क गमावण्याची पाळी येते. म्हणून गरज नसलेला शेतकरीही पाणी सोडून देतो, पण शेतातच.

या यादीत सरोवराचं नावच नव्हतं. त्याने कधी 'अर्ज' केला नव्हता. कालव्याच्या टेलचा शेतकरी जसा वरच्यांचं भागल्यावर उरेल त्यावर जगतो, तसं हे सरोवर तीन नद्यांच्या टेलला बसलंय. फरक इतकाच, की टेलचा शेतकरी निदान पाटबंधारे कार्यालयात जाऊन आवाज करू शकतो.

खारट पाण्याचं करायचं काय? वायाच जातं ते

'नदीचं पाणी सरोवरात वाया जातं' हे वाक्य युटात दीडशे वर्षं बोललं गेलंय. कोकणातल्या नद्यांचं पाणी 'समुद्रात वाया जातं' हे आपण जितक्या सहज म्हणतो, तितक्याच सहज. म्हणून इथे जरा थांबायला हवं.

या पाण्यात मासे जगत नाहीत. जगतात दोन बारके जीव: आर्टेमिया नावाची नखाएवढी कोळंबी आणि खारमाशी, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी बारकी उडती माशी. आर्टेमियाची अंडी कोरडी पडली तरी वर्षानुवर्षं टिकतात आणि पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात फुटतात. त्यामुळे कोळंबी आणि माशांच्या बीजकेंद्रांत पिल्लांचं पहिलं खाद्य म्हणून त्यांना जगभर मागणी आहे. आंध्र आणि तमिळनाडूच्या कोळंबी बीजकेंद्रांतही आर्टेमियावाचून पान हलत नाही. जगाला लागणाऱ्या या अंड्यांचा मोठा हिस्सा ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. ऑक्टोबर उजाडला की वरून लहान विमानं घिरट्या घालतात. पाण्यावर तांबूस-तपकिरी पट्टे तरंगताना दिसले की वैमानिक खालच्या बोटींना कळवतो, आणि बोटी तेलगळतीला लावतात तसली तरंगती कुंपणं टाकून ती 'साय' गोळा करतात. तो पट्टा म्हणजे कोट्यवधी अंडी.

याच दोन जिवांवर लाखो पक्षी अवलंबून असतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत ये-जा करणारे पक्षी इथे उतरतात, पोटभर खातात, चरबी चढवतात आणि पुढच्या हजारो किलोमीटरच्या उड्डाणाला निघतात. वर्षाला एक कोटीहून अधिक पक्षी इथे येतात असं मानतात.

आर्टेमियाला मीठ चालतं, पण अमर्याद नाही. समुद्रात क्षार साडेतीन टक्के असतात. सरोवराच्या दक्षिण भागात १२ ते १६ टक्के असले की सगळं सुरळीत चालतं. २०२२ च्या शरदात ते १८-१९ टक्क्यांवर गेले. उथळ तळाशी सूक्ष्मजीवांनी बांधलेले दगडी उंचवटे असतात, खारमाशांची पैदास त्यांच्यावरच होते. पाणी सरलं तसे तेही उघडे पडून वाळले.

पक्ष्यांचं सोडा म्हणणाऱ्यासाठी दुसरं उत्तर धूळ. सरोवर हटलं की तळ उघडा पडतो, आणि या तळात गेल्या काही शतकांत नद्यांनी आणून टाकलेलं आर्सेनिकसह बरंच काही साठलंय. युटा विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ केविन पेरी यांनी २०१६ ते २०१८ या काळात जाड टायरची सायकल घेऊन हा तळ अक्षरशः पालथा घातला आणि नमुने गोळा केले. त्यांना दिसलं की बहुतेक भागावर मिठाची कडक खपली आहे आणि ती धूळ दाबून ठेवते. धूळ उडवणारा भाग तेव्हा नऊ टक्क्यांच्या आसपास होता. ही दिलासादायक बातमी वाटेल, पण खपली टिकाऊ नाही. वाऱ्याने झिजते, गाड्यांनी मोडते, आणि पाण्याने पुन्हा भिजली नाही तर नऊ टक्के नऊ राहत नाहीत. सरोवराला लागून असलेल्या पट्ट्यात पंचवीस लाखांहून जास्त लोक राहतात.

तीच धूळ डोंगरावरच्या बर्फावर बसते, बर्फ काळवंडतं, ऊन जास्त शोषतं आणि लवकर वितळतं. म्हणजे सरोवर आटवून जे पाणी 'वाचवलं', ते ज्या बर्फातून येतं त्यालाच धक्का.

ठिबक लावलं की झालं, नाही का?

हा आक्षेप सगळ्यात सुशिक्षित आणि सगळ्यात फसवा.

पाण्याच्या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, उचललेलं पाणी: नदीतून जेवढं घेतलं तेवढं. दुसरं, खपलेलं पाणी: त्यातलं जेवढं पिकाने शोषून हवेत सोडलं किंवा उडून गेलं, थोडक्यात नदीला परत मिळालं नाही. पाटाने पाणी दिलं तर शंभरातलं बरंचसं जमिनीत मुरतं, निचऱ्यातून पुन्हा नदीला लागतं, आणि खालच्याच्या, शेवटी सरोवराच्या, वाट्याला येतं. शेतकऱ्याच्या नजरेने ती गळती. सरोवराच्या नजरेने ती आवक.

आता अनुदान घेऊन तुषार किंवा ठिबक बसवलं. गळती थांबली, पीक जोमदार आलं, आणि जोमदार पीक पाणी जास्त खपवतं. 'वाचलेल्या' पाण्यावर शेतकऱ्याने आणखी चार एकर भिजवले. कागदावर कार्यक्षमता वाढली आणि सरोवरात येणारं पाणी कमी झालं. ठिबक वाईट असा याचा अर्थ नाही. वाचलेल्या पाण्यावर कायद्याने नाव लिहून ते सरोवरापर्यंत पोचवलं नाही, तर ठिबकाचा फायदा सरोवराला शून्य. क्षेत्र घटवणं, एखादी कापणी सोडून देणं, कमी पाण्याचं पीक घेणं, याने खपलेलं पाणी खरोखर कमी होतं. ते जास्त कटू आहे, म्हणून भाषणांत कमी ऐकू येतं.

शहरांचं गणित थोडं सोपं आहे. युटात अनेक घरांना बागेसाठी वेगळी, प्रक्रिया न केलेल्या पाण्याची जोडणी असते आणि तिला मीटरच नसायचा. वर्षाचं ठरावीक बिल भरा, हवं तेवढं उडवा. शिवाय पाण्याचा बराच खर्च मालमत्ता करातून भागतो, म्हणून पाणी स्वस्त दिसतं. २०२२ च्या कायद्याने या जोडण्यांना २०३० पर्यंत मीटर सक्तीचे केले. मीटर लागला की लोक आपणहून कमी पाणी मारतात, हा तिथला अनुभव आहे.

समुद्राचं पाणी आणून भरा की

युटाच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये पॅसिफिक महासागरातून नळ टाकण्याच्या कल्पनेचा गांभीर्याने विचार केला, तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आकडेमोड मात्र करून पाहू.

सरोवराची तूट तिथे एकर-फुटांत मोजतात: एक एकरावर एक फूट उभं पाणी. आपल्याला टीएमसी कळतो. सुमारे २३ हजार एकर-फूट म्हणजे एक टीएमसी. २०२० नंतरच्या वाईट वर्षांत सरोवर दर वर्षी १० लाख एकर-फुटांहून जास्त पाणी गमावत होतं. म्हणजे जवळपास ४४ टीएमसी, पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या दीडपट.

एवढं पाणी समुद्रसपाटीवरून ४,२०० फुटांवर चढवायला, पंप आदर्श आणि नळात घर्षण शून्य धरलं तरी, वर्षाला सुमारे ४३० कोटी युनिट वीज लागेल. मध्ये पर्वतरांगा आहेत त्यांची चढण वेगळी. आणि मुख्य घोटाळा पुढेच: समुद्राच्या पाण्यासोबत दर वर्षी सव्वाचार कोटी टनांहून जास्त मीठ सरोवरात येईल आणि कायमचं राहील. मिठाच्या आजारावर मिठाचीच पुडी.

ढगात रसायनं फवारून बर्फ वाढवण्यावरही राज्य पैसे खर्च करतंय. त्याने फार तर काही टक्क्यांचा फरक पडतो, आणि ते बर्फसुद्धा आधी वरच्या हक्कदारांच्याच कालव्यात उतरतं.

मग शेतकऱ्यानेच का सोसायचं?

रास्त प्रश्न. शेतकऱ्याने चोरी केलेली नाही. सरकारने दिलेला हक्क त्याने वापरला, आणि वापरला नसता तर गमावला असता. त्यामुळे युटाने जप्तीऐवजी भाडेपट्ट्याचा मार्ग धरलाय. २०२२ च्या एका कायद्याने पाणी नदीत सोडून देणं हाही 'वापर' मानला, म्हणजे हंगामापुरतं पाणी सरोवराला भाड्याने दिलं तर हक्क बुडत नाही. त्याच वर्षी ४ कोटी डॉलरचा एक विश्वस्त निधी उभा राहिला. २०२३ मध्ये सरोवरासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला, ब्रायन स्टीड. युटातच मुख्यालय असलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने आपल्या मालकीचं सुमारे २० हजार एकर-फूट पाणी सरोवराला कायमचं दिलं. मोठी बातमी झाली. टीएमसीत मोजलं तर एकाहून थोडं कमी.

कागदावर पाणी मिळालं तरी ते सरोवरापर्यंत पोचवायचं कसं? आपल्याकडे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडतात तेव्हा काय होतं ते आठवा. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. पाणी सुटण्याआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते, आणि तरीही वाटेत किती मुरलं-गेलं यावर भांडण उरतंच. युटातही भाड्याने घेतलेलं पाणी वाटेतल्या दुसऱ्या कालव्याने उचलू नये म्हणून जागोजागी मोजयंत्रं आणि निगराणी लागते. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण सरोवराचं भवितव्य पुष्कळसं या मोजयंत्रांवर ठरेल.

मधला बांध

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट राहिली. १९५९ मध्ये रेल्वेसाठी सरोवरात आरपार दगडी भराव टाकला गेला आणि सरोवराचे दोन तुकडे झाले. तिन्ही नद्या दक्षिणेत येतात, म्हणून दक्षिण जगतं. उत्तरेत मीठ इतकं साचलंय की पाण्यात आणखी विरघळणं कठीण. भरावात एक मोकळी फट आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्याने त्या फटीतला बांध उंच करून उत्तरेत जाणारं पाणी रोखलं आणि दक्षिणेचा खारटपणा आटोक्यात आणला. अर्धा रुग्ण वाचवण्यासाठी उरलेल्या अर्ध्याचं सलाईन काढण्यासारखं हे होतं, आणि त्या घडीला बरोबरच होतं.

हे कुठे कुणाला जमलंय का?

अर्धवट जमलंय. उझबेकिस्तान-कझाकस्तानमधला अरल समुद्र सोव्हिएत काळात कापसासाठी नद्या वळवल्यामुळे आटला. कझाकस्तानने २००५ मध्ये कोक-अरल धरण बांधून उत्तरेचा लहान तुकडा वेगळा केला. पाणी अपेक्षेपेक्षा भराभर चढलं, खारटपणा उतरला, मासेमारी परतली. दक्षिणेचा प्रचंड भाग मात्र सोडूनच द्यावा लागला.

कॅलिफोर्नियातलं ओवेन्स सरोवर लॉस एंजेलिसने १९१३ च्या कालव्याने पळवलं आणि १९२० च्या दशकात ते कोरडं पडलं. पुढे त्याच्या धुळीने इतका छळ मांडला की शहराला धूळ दाबण्यासाठी दोन अब्ज डॉलरांहून जास्त ओतावे लागलेत, आणि तो खर्च संपलेला नाही. आटू देणं फुकट पडतं असं वाटणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

त्याच्याच शेजारच्या मोनो सरोवराची कथा आपल्याशी जोडलेली आहे. लॉस एंजेलिस त्याच्याही नद्या वळवत होतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सरोवरं सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतात, आणि जुने पाणीहक्कसुद्धा या जबाबदारीच्या चौकटीत पुन्हा तपासता येतात. १९९४ मध्ये मोनोसाठी किमान पातळी ठरली आणि शहराचा उपसा घटला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, हे तत्त्व भारतात स्वीकारलं तेव्हा मोनोच्याच निकालातले उतारे उद्धृत केले. २०२३ मध्ये पर्यावरण संघटनांनी याच तत्त्वावर युटा सरकारला न्यायालयात खेचलं. आणि मोनो? ठरवलेली पातळी त्याने अजून गाठलेली नाही.

इराणचं उर्मिया सरोवर तर युटासाठी आरसाच आहे: पसरट, खारट, मधून भराव, आर्टेमिया, वर धरणं आणि विहिरी. तिथे सरकारने २०१३ नंतर मोठी योजना आखली, २०१९ च्या पावसाने पाणी वाढलं, सगळ्यांनी श्रेय घेतलं. शेतीचा उपसा मात्र फारसा घटला नाही. २०२३ च्या शरदापर्यंत उपग्रहचित्रांत पुन्हा पांढरं मीठच दिसत होतं.

२०३४ पर्यंत जमेल?

राज्यपाल कॉक्स यांनी २०२५ मध्ये उद्दिष्ट जाहीर केलं: ऑलिंपिकपर्यंत ४,१९८ फूट. त्यासाठी दर वर्षी साधारण ५ ते १० लाख एकर-फूट, म्हणजे २२ ते ४४ टीएमसी, जादा पाणी पोचवावं लागेल. मुदत जितकी जवळची तितका आकडा मोठा. आतापर्यंतची देणगी आणि भाडेपट्टे यांच्या कित्येक पट. एका खनिज कंपनीने २०२४ मध्ये आपल्या वाट्याचं वर्षाला सुमारे २ लाख एकर-फूट पाणी न घेण्याचं मान्य केलं, ते आजवरचं सगळ्यात मोठं पाऊल. शेतीतून येणारं पाणी अजून किरकोळ आहे, आणि खरा साठा तिथेच आहे.

माझा अंदाज विचाराल तर एक-दोन दमदार बर्फाचे हिवाळे लाभल्याशिवाय २०३४ चं गणित सुटणार नाही, आणि नुसत्या त्या हिवाळ्यांवर विसंबून तर मुळीच नाही. कारण बंद सरोवर धरणासारखं एकदा भरून ठेवता येत नाही. पातळी चढते तसं पाणी पसरतं, पसरतं तसं जास्त उडतं, म्हणून वरचा प्रत्येक फूट आधीच्यापेक्षा महाग पडतो. आणि ४,१९८ गाठल्यावर भाडेपट्टे थांबवले, तर ज्या वर्षी थांबवले त्याच वर्षापासून सरोवर परत उतरायला लागेल.